पडद्याकडे पाठ

ऐतिहासिक सिनेमा पडद्याकडे पाठ करून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याच्या हाताखाली मी तीन वर्षं समाजशास्त्र शिकलो. शिकलो म्हणजे वर्गात असायचो. आणि पुढे माझं पडद्यावर झळकलेलं पहिलंवहिलं नाव मातीत घालायला निघालेला माणूसही तोच. ते नाव वाचलं की गेलं, हे अजून मला नीट ठरवता येत नाही. तुम्हीच काय ते ठरवा.

पनवेलच्या जुन्या थिएटरात पहिली रांग आणि पडदा यांच्यामध्ये फरशीची एक रिकामी पट्टी होती. सर घरून घडीचं स्टूल आणायचे, त्या पट्टीत मांडायचे, पडद्याला पाठ लावायचे, मांडीवर वही उघडायचे आणि आमच्याकडे बघत बसायचे. वर हत्ती, घोडे, तोफा, खाली सर. तोफ उडाली की त्यांचं टक्कल नारंगी व्हायचं, दरबार भरला की सोनेरी, आणि कुणी दगाबाज भुयारातून निघाला की निळंशार. आम्हा मागच्या बाकावरच्या मुलांना डुलकी लागली, तरी डोळा किलकिला करून टकलाचा रंग बघितला की कथा कुठवर आली ते कळायचं.

दारावर नामाकाका असायचे. गावठाणातले. दर वेळी तेच म्हणायचे, "सर, पिक्चर त्या अंगाला हाय."

"माझा या अंगाला आहे, नामा."

"मंग तिकीट कशाला काढता? आमी तं भायेर पन फुकट दिसतो."

पुढे मॉल आला, त्यात चकाचक पडदे आले, आणि तिथल्या गणवेशातल्या पोरांनी स्टूल दारातच अडवलं. तेव्हा सरांनी पहिल्या रांगेतली खुर्ची घेतली, तिच्यावर उलटे गुडघे टेकले आणि एसटीच्या मागच्या काचेतून रस्ता बघणाऱ्या लहान मुलासारखे पाठीवर हनुवटी ठेवून अडीच तास प्रेक्षक बघितले. त्यांच्या मागच्या रांगेतल्या बाईंनी पॉपकॉर्न खाली ठेवलं, ते शेवटपर्यंत उचललं नाही.

वहीत ते काय लिहायचे? शिट्टी कितव्या मिनिटाला पडली. कुणाच्या मरणावर पडली. हुंदका कुठल्या रांगेतून निघाला. "पडद्यावर काय चाललंय ते पोस्टरवरसुद्धा कळतं," ते म्हणायचे. "त्याने तुमचं काय केलं, ते तुमच्या तोंडावर असतं." आणि त्यांचं ते प्रसिद्ध वाक्य, जे आमच्या तीन तुकड्यांनी पाठ केलं आणि एकानेही पाळलं नाही: "रडू आलं की आधी घड्याळ बघा. ते कुणीतरी त्या मिनिटाला आणायचं ठरवलेलं असतं."

गंमत अशी, की ते स्वतः ढसाढसा रडायचे. नुसत्या आवाजावर. आई लेकराला ओवाळून लढाईला धाडते असं पार्श्वसंगीत सुरू झालं, की आमच्यासमोर सरांचे गाल ओले. एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, तुम्ही रडताय."

"मी रडतोय हे मला माहीत आहे," ते नाक पुसत म्हणाले. "तू रडतोयस हे तुला माहीत नाही. एवढाच आपल्यातला फरक, आणि तेवढ्यासाठी मला प्राध्यापक म्हणतात."

मी गालाला हात लावून बघितला. ओला होता.

वर्गात कुणी इतिहासातल्या वीराचं नाव काढलं की सर विचारायचे, "घोडा होता?"

"होता, सर."

"मग लीद कोण काढत होतं?"

चिकित्सक समाजशास्त्राची सगळी जाडजूड पुस्तकं पिळली की हा एक प्रश्न खाली गळतो, बाकी चोथा, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे कॉलेजात त्यांचं नाव पडलं 'लीदसर'. त्यांना ते ठाऊक होतं. एका शिक्षकदिनी त्यांच्या टेबलावर खरोखरच पाटीभर लीद ठेवलेली होती. पनवेलमध्ये घोडा लग्नाच्या वरातीशिवाय दिसत नाही. म्हणजे पोरांनी मेहनत घेतली होती. सरांनी वाकून वास घेतला. म्हणाले, "ताजी आहे. कोणी उचलली?"

एक हात वर गेला.

"शाब्बास! इतिहासात पहिल्यांदाच लीद उचलणाऱ्याचं नाव नोंदवलं जातंय." असं म्हणून त्यांनी ते नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि प्राचार्यांकडे पाठवून दिलं. वर गेलेला हात माझा होता. मला वाटलं, कौतुक होणार.

विचारसरणी म्हणजे काय, हे शिकवायला त्यांनी आम्हा सगळ्यांना एकदा बसने तळोज्याला नेलं होतं. एमआयडीसीच्या बाजूच्या एका नव्या सोसायटीत त्यांच्या ओळखीचं कुटुंब राहायचं. आम्ही जिना चढलो आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. दार उघडणाऱ्या काकांनी आमच्याकडे बघून काळजीने विचारलं, "अरे, सगळ्यांनाच सर्दी झालीय का?" सर जिन्यात आनंदाने जवळजवळ नाचले. "बघा! हीच विचारसरणी! राहणाऱ्याला वास येत नाही, येणाऱ्याला सर्दी होते!" मग आम्ही त्याच घरात पोहे खाल्ले. पोहे संपेपर्यंत आमच्यापैकी कुणाच्याच नाकाला रुमाल नव्हता. सरांनी तेही वहीत लिहिलं.

नवीन पनवेलला तळमजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यात पुस्तकं इतकी, की दार पूर्ण उघडलेलं मी कधी पाहिलं नाही. पाहुण्याने आडवं होऊन आत शिरायचं. फ्रिज बंद पडल्यावर त्यांनी तो दुरुस्त केला नाही. त्यात त्यांना राग आणणारी पुस्तकं ठेवलेली असत. "थंड डोक्याने वाचायची आहेत," म्हणायचे. अंडी मात्र खिडकीत.

आता माझं सांगतो. माणसाने गुरूची निंदा करण्यापूर्वी स्वतःची धिंड काढून घ्यावी, म्हणजे पुढे हात मोकळे राहतात.

सरांच्या तीन वर्षांत मी कडवा क्रांतिकारक झालो होतो. दाढी वाढवली, ती आली नाही, पण वाढवली. खांद्याला झोळी. तोंडात 'वर्चस्व', 'परात्मता' असे शब्द. मामेबहिणीच्या लग्नात फेटा बांधायला आलेल्या माणसाला मी बाणेदारपणे सांगितलं, "फेटा हे सरंजामी वर्चस्वाचं चिन्ह आहे."

मामा म्हणाला, "मग बोडक्याने जेव."

जेवलो. दोन पंगतींना.

आणि हाच मी पंधरा वर्षांनी चारशे फेटे लागणाऱ्या ऐतिहासिक सिनेमाचे संवाद लिहीत होतो. आमचा नायक होता कुठल्याशा गडावरचा एक सरदार. इतिहासात तो दीड ओळ होता. आम्ही त्याला अडीच तास केला. दर चार वाक्यांनंतर एक गर्जना, असा माझा करार होता. 'माती रक्त मागते आणि रक्त माती मागतं', असं एक वाक्य मी लिहिलं. याचा अर्थ काय ते मला आजही सांगता यायचं नाही. पण नट ते छाती फुगवून ओरडला, तेव्हा क्रेनवरच्या माणसाने डोळे पुसले. घड्याळ बघितलं नाही कुणी. मीही नाही.

शूटिंग पनवेलच्याच बाहेर, डोंगराच्या पायथ्याच्या माळावर होतं. गड प्लायवुड आणि थर्माकोलचा. वारा सुटला की एक बुरूज सरळ शत्रूला जाऊन मिळायचा. माणसांची चणचण होती, म्हणून संवाद लिहून झाल्यावर माझ्यावर आणखी एक काम आलं: गर्दी लावणं. म्हणजे लढाईत कुणी कुठे उभं राहायचं, कुणी आधी मरायचं, ते बघायचं. गर्दी यायची जवळच्या वीटभट्टीवरून आणि कातकरवाडीतून. साठ माणसं. सैन्यं मात्र दोन.

यावरचा उपाय या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. सकाळी साठही जणांना पांढरी मुंडाशी बांधायची: आपलं सैन्य. दुपारी डाळभात झाला की त्याच साठांना हिरवी मुंडाशी आणि दाढ्या: शत्रू. दाढ्या चिकटवायचं काम रफिकभाईंचं. पनवेलच्या मोहल्ल्यातले, स्वतःची पांढरीशुभ्र दाढी छातीपर्यंत. डिंकाचा ब्रश फिरवत कुरकुरायचे, "साठ नकली दाढ्या मी लावतो, आणि असली दाढीवाल्याला सीनमध्ये कोई पूछता नहीं! डायरेक्टर बोलतात, रफिकभाई, तुम्ही दुश्मन वाटत नाही, मामू वाटता."

अडचण एकच होती: आमचं सैन्य मरायला तयार होतं, पण मेल्यावर गप्प पडायला तयार नव्हतं. मेलेले हसायचे, एकमेकांना चिमटे काढायचे. एकाने तर धारातीर्थी पडल्यावर बिडी पेटवली. अशा सगळ्यांत एकच माणूस मनापासून काम करणारा होता. हडकुळा, पस्तिशीचा, डाव्या गालावर भाजल्याचा डाग. सकाळी दिग्दर्शक म्हणाला, "यार, दात-ओठ खाऊन भाला मारणारा एक चेहरा दे." मी ओरडलो, "ए पांढरा, पुढे ये!" तो आला. त्याने असा भाला मारला की कॅमेरामन मागे सरला. दुपारी दिग्दर्शक म्हणाला, "आता तोच भाला पोटात घेणारा एक चेहरा." मी ओरडलो, "ए हिरवा, पुढे ये!"

तोच आला. आणि असा मेला, की सेटवर चहावालासुद्धा थांबला.

माझ्या लक्षात आलं नाही. समाजशास्त्राच्या पदवीधराच्या! मी मुंडासं बघत होतो. मुंडाशाखाली सकाळी आणि दुपारी तोच गाल, तोच डाग आहे, हे मी पाहिलंच नाही. संकलकाने ते दोन तुकडे एकापुढे एक जोडले, त्याच्याही लक्षात आलं नाही. निर्मात्याच्या नाही, आमच्या तीन इतिहास-सल्लागारांच्या नाही. भाला मारणारा आणि भाला खाणारा एकच इसम, असा तो प्रसंग सिनेमाचा कळस म्हणून राज्यभर लागला, आणि लोकांनी तिथे उभं राहून शिट्ट्या घातल्या.

सिनेमा चालला. आपल्याकडे असा सिनेमा चालला की तो सिनेमा राहत नाही, अस्मिता होतो. मग त्याच्यातल्या थर्माकोललाही धक्का लागलेला खपत नाही. आमच्या सेक्टरच्या नाक्यावर माझा फोटो असलेला बॅनर लागला, 'आमचा अभिमान'. शेजारीच डासांच्या फवारणीची सूचना होती, पण माझा फोटो मोठा होता. मी दिवसातून चार वेळा कोथिंबीर आणायला नाक्यावर जायचो.

पहिल्याच आठवड्यात दुपारच्या खेळाला मी जुन्या थिएटरात गेलो, दाराशी उभं राहून लोकांच्या शिट्ट्या ऐकायला. सर स्टुलावर होतेच. डाव्या कोपऱ्यात वाडीतली वीसेक माणसं बसली होती, बायका-पोरांसकट. कळस आला. सगळं थिएटर श्वास रोखून. भाला सुटला, शत्रू कोसळला, आणि शिट्ट्या उठायच्या आत त्या डाव्या कोपऱ्यातून एक बाई किंचाळली, "आगं बया! गोमानं गोमालाच मारला!"

कोपरा हसून लोटपोट. बाकीचे ओरडायला लागले, "ए, गप्प बसा! इतिहास चालू आहे!" आणि सर? सर स्टुलावरून अर्धे उठले होते. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे बघणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच चुकीच्या जागी हसू सापडलं होतं. तरी मान वळवून पडद्याकडे बघितलं नाही हो! तत्त्व म्हणजे तत्त्व. खेळ सुटल्यावर ते धावले ते वाडीच्या लोकांमागे, आणि थिएटरच्या पायरीवर बसून अर्ध्या तासात सगळा प्रकार वहीत उतरवून घेतला. मी तोवर कोथिंबीर आणायला निघून गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "ये."

आडवा होऊन घरात शिरलो. सरांच्या हातात अकरा पानी लेख. मथळा: 'गोमाने गोमाला मारलं'. त्यांनी तो मला उभं राहून वाचून दाखवला, फ्रिजला टेकून. लेख जबरदस्त होता, हे मला आजही मान्य आहे. 'शत्रू म्हणजे दुपारनंतरचे आपणच', असं एक वाक्य होतं त्यात. माझ्या सगळ्या गर्जना त्यापुढे पाणी भरतील. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, की 'ही चूक ज्याने केली तो माझाच विद्यार्थी आहे', आणि पुढे माझं नाव. आडनावासकट.

"सर," मी म्हटलं, "हे छापून आलं तर निर्माता तो प्रसंग कापेल. मला पुढचा सिनेमा मिळणार नाही. लोक मला झोडपतील. बॅनर आहे हो माझा नाक्यावर!"

"चाळीस वर्षं घसा फोडून सांगत होतो," सर म्हणाले, "पुरावा काल मिळाला. आणि तू मला बॅनर सांगतोस?"

"निदान माझं नाव तरी काढा."

"मग पुरावा अपुरा राहतो. मी शिकवलेल्याला दिसलं नाही, हाच तर मुद्दा आहे."

मी सगळे उपाय केले. बायकोच्या हातच्या पुरणपोळ्या नेल्या. चार खाल्ल्या आणि नाही म्हणाले. सिद्धान्त मांडला, की व्यक्तीचं नाव घेणं म्हणजे व्यवस्थेला मोकळं सोडणं. "हे छान आहे," म्हणाले, आणि लेखात तळटीप म्हणून घातलं, माझ्या नावासकट. शेवटी मला ती नीच कल्पना सुचली. गोमाला पुढे करायचं. तिसऱ्यांदा.

वाडीवर गेलो. गोमा कुडाची भिंत लिंपत होता. मी म्हटलं, "गोमा, एक मास्तर लेख लिहितायत. तो छापून आला तर सिनेमातनं तुझे सीन कापतील."

त्याचा हात थांबला. "दोनी?"

"दोन्ही."

"मंग येतो," म्हणाला, आणि तसाच मातीच्या हातांनी रिक्षात बसला.

वाटेत मी त्याला संवाद लिहून दिले, तोंडी. "तू म्हणायचं, सर, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका."

"पोटाचं काय हाय त्यात?"

"नसू दे. म्हणायचं."

गोमा रिक्षाबाहेर बघत राहिला. मला वाटलं, पाठ करतोय.

सरांनी त्याला बघितलं आणि त्यांचे डोळे असे चमकले, की मला वाटलं आता ते त्याला फ्रिजमध्ये ठेवतात की काय. खुर्चीवरची पुस्तकं ढकलून त्याला बसवलं. वही उघडली. "गोमा, मला सांग. भाला मारताना तुझ्या मनात काय होतं?"

"म्होरं कोन नव्हता, गुरुजी. हवेतच मारला. सायेब म्हनलं दात खा, म्या दात खाल्लं."

"समोर कोणी नव्हतं!" सर माझ्याकडे बघून ओरडले. "ऐकलंस? शत्रू नव्हताच!" भराभरा लिहिलं. "बरं, आणि मग दुपारी मरताना?"

गोमा म्हणाला, "तुमी बगितला का, मी कसा मेलो त्ये?"

सरांचं पेन थांबलं. "म्हणजे... तुझ्या वाडीतल्या लोकांनी सगळं सांगितलं मला."

"आयकलंव. बगितला नाय."

"नाही."

"मंग काय लिवताव?"

सरांनी पेन वहीवर ठेवलं. मी खाली बघत होतो. गोमा उठला. "सरका जरा," मला म्हणाला. त्याने पायाने पुस्तकांचे दोन ढीग बाजूला केले, हॉलच्या मधोमध उभा राहिला, आणि मेला.

मी तो प्रसंग सेटवर पाहिला होता, पडद्यावर नऊ वेळा पाहिला होता. पाहिला नव्हता. आधी तो नुसता खाली बसला, दमल्यासारखा. मग एक हात फरशीवर टेकला, दुसरा कुणाला तरी 'थांब' म्हणतो तसा अर्धा वर उचलला. मग तो कलंडला, आणि कलंडताना त्याची नजर सरांच्या तोंडावर होती, ती तिथेच राहिली. सरांचा एक ढीग धाडकन त्याच्या अंगावर कोसळला. गोमा हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारली, "सर! एव्हरीथिंग ओके ना?"

थोड्या वेळाने गोमाच उठला आणि एकेक पुस्तक उचलून पुन्हा रचायला लागला.

"हे कुठे शिकलास?" सरांनी विचारलं.

"बा असाच मेला. भट्टीवर. खाली बसला तवा आमी म्हनलो, दमला आसंल. मंग हात टेकला. मंग माज्याकडं बगत ऱ्हायला." गोमाने पुस्तकावरची धूळ हाताने पुसली, हाताची माती पुस्तकाला लागली, ती बाहीने पुसली. "तवा बगाया कोन नव्हता. मी आन आय. म्हनून ह्ये सायेब म्हनलं, मर, तवा म्या म्हनलं, बासारकं मरतो. समद्यांनी बगूदे."

माझ्या तोंडून गेलं, "पण गोमा, तिथे लोक शिट्ट्या मारतात रे."

"मारूदे. बगत्यात ना?" मग सरांकडे वळून म्हणाला, "गुरुजी, भाला मारनारा कापला तरी चालंल. मरनारा तेवडा ऱ्हावूदे."

मी रिक्षात लिहून दिलेल्या संवादांपैकी एकही शब्द त्याने घेतला नव्हता. माझ्या आयुष्यात माझ्या लेखणीचा एवढा अचूक अपमान कुठल्याच समीक्षकाने केलेला नाही. सरांनी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला, तीन कप. साखर घालायला विसरले. आम्ही तिघंही तसाच प्यायलो.

तो अकरा पानी लेख त्यांनी छापला नाही. मी सुटलो. सिनेमातला एक तुकडाही कापला गेला नाही. पुढचा सिनेमाही मला मिळाला, त्यात गर्जना दर तीन वाक्यांनी आहेत. बॅनर मात्र वाऱ्याने फाटला. सर पुढे महिनाभर दर रविवारी वाडीवर जायचे. स्टूल घेऊन जायचे, असं नामाकाकांनी मला सांगितलं. गोमाच्या समोर ते मांडून बसायचे, आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचे.

काही महिन्यांनी एका छोट्या मासिकाचा अंक टपालाने आला. तो अंक एकूण अकरा जण वाचतात, त्यातले चार संपादकाच्या घरचे. लेखाचं नाव होतं 'गोमाचा बाप'. सगळा लेख गोमाच्या तोंडचा. सरांचं स्वतःचं वाक्य एकही नाही, 'विचारसरणी' हा शब्द तर औषधालासुद्धा नाही. मी टपालपेटीपाशी उभ्याउभ्याच वाचायला घेतला. खरं सांगतो, पहिल्यांदा वाचला तो लेख नव्हे. फक्त माझं नाव कुठे आहे का, ते शोधत गेलो. सिनेमाचं नाव नव्हतं. दिग्दर्शकाचं नव्हतं. रफिकभाईंचं होतं. चौथ्या पानावर सापडलो. लिहिलं होतं: 'गर्दी लावायला तिथे एक माणूस होता. त्याचं नाव मला आठवत नाही.'

बास. एवढंच. पुरणपोळ्या घालून मी जे मागत होतो, ते मला अक्षरशः मिळालं होतं. मी वर गेलो, लेख पुन्हा वाचला, या वेळी नीट, गोमाच्या बापासकट. पाणी प्यायलो. जेवलो. तरी राहवेना. शेवटी सरांना फोन लावला.

"सर, लेख वाचला. फार चांगला झालाय."

"हं."

"फक्त ते एक... 'एक माणूस होता'..."

"नाव नको, असं तूच म्हणत होतास ना?"

"हो, हो. पण 'आठवत नाही' कशाला? 'नाव दिलेलं नाही' असं लिहिता आलं असतं. जरा बरं दिसलं असतं."

"त्याने जे सांगितलं ते मी लिहिलं," सर म्हणाले. "दोनदा विचारलं मी त्याला. तुझं वर्णन करून सांगितलं. रिक्षात घालून तूच त्याला माझ्याकडे आणलंस, तेसुद्धा सांगितलं."

"मग? काय म्हणाला?"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं, शोधतायत.

"म्हणाला, 'आसंल कोनीतरी.'"